ज्ञानप्रसारक सभा, मराठी

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थिमंडळाची मराठी शाखा. प्रा. पॅटन यांच्या प्रेरणेने तेथील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नवरोजी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. सोसायटीचे कामकाज इंग्रजीतून चाले. त्यामुळे इंग्रजी न जाणणारा बहुसंख्य समाज तिच्या लाभापासून वंचित राही. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. सभासद शास्त्रीय व सामाजिक विषयांवर निबंध वाचीत. धर्म व राजकारण हे विषय वर्ज्य असत. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाल्यावर या विचारांना सभागृहाबाहेरील वाचक मिळाला.

सोसायटीच्या सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. प्रारंभी ४४ पारशी व २४ हिंदू मुली पटावर होत्या. सभासद स्वतःच सकाळी विनावेतन शिकवीत. सनातनी समाजाचा रोष असतानाही जगन्नाथ शंकरशेट यांनी या कार्यास आश्रय दिला. सभासदांच्या स्वतःच्या विद्यालयात त्या काळी मुली शिकत नसत, हे लक्षात घेता या उपक्रमाचे मोल विशेष ठरते.