कर्करोगाचा धोका मोजायचा तर आधी गावच्या सगळ्या बायका मोजाव्या लागतात

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसू लागलं, तरी जिंतूर-गंगाखेडकडच्या खेड्यातली बाई ते कितीतरी महिने अंगावर काढते. सुगी आटोपू दे, लेकीचं लग्न होऊ दे, मग बघू. गर्भाशयमुखाचा कर्करोग असला, तर तोवर तो बराच पसरतो. ती परभणीच्या दवाखान्यात पोचली की तिची नोंद होते. पण नुसत्या अशा नोंदींवरून जिल्ह्यात हा आजार किती आहे आणि तपासणीने जीव वाचतात का, हे सांगता येत नाही. घरीच वारलेली बाई त्या नोंदीत नसते आणि जिला काहीच झालं नाही तीही नसते. धोका काढायचा म्हणजे भागाकार करायचा. त्यासाठी खालचा आकडा हवा : एकूण बायका किती?

तो आकडा मिळवण्याचं काम आपल्या शेजारीच झालं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांची कागदपत्रं चाळून भागतं. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत ते जमण्यासारखं नव्हतं, कारण दवाखान्यापर्यंत पोचणारेच थोडे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन बैठका घेत, लक्षणं समजावत, कुणाला तसा त्रास आहे का ते विचारत आणि गावातल्या मृत्यूंची चौकशी करत. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांनी ही पद्धत बसवली. पुढचं सगळं त्याच पायावर उभं राहिलं.

१९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गर्भाशय शाबूत असणं ही अट होती आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी समितीला ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. बहुतेक वेळा पिशवीबरोबर गर्भाशयाचं मुखही जातं, मग त्या बाईला हा कर्करोग होण्याचा प्रश्न उरत नाही. तिला खालच्या आकड्यात धरलं, तर धोका आहे त्याहून कमी दिसतो.

गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी हे दैवगतीवर, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. बायकांनी स्वतः निवडलं असतं, तर शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या बायका तपासणीकडे गेल्या असत्या आणि त्यांच्या चांगल्या तब्येतीचं श्रेय तपासणीला मिळालं असतं. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, कारण जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुख कर्करोगामागे याच विषाणूचा वर्षानुवर्षं टिकलेला संसर्ग असतो. दुसऱ्या भागात पेशींची तपासणी झाली. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या भागात तपासणी केली नाही. ती कुठे करून मिळते एवढंच सांगितलं. दोष आढळलेल्यांवर उपचार झाले. त्यानंतर आठ वर्षं कर्करोग आणि मृत्यू यांची नोंद होत राहिली. बोलावूनही न आलेल्या बायका, साधारण पाचातली एक, त्यांच्या मूळ गटातच मोजल्या गेल्या.

निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही गटात, ३४,१२६ बायकांत, कर्करोग सापडले १२७. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत सापडले ११८. इथेच थांबलं, तर चाचणीचा काही उपयोग झाला नाही असं वाटेल. पण पुढे गेलेले, दुसऱ्या टप्प्याचे किंवा त्यापुढचे, कर्करोग पहिल्या गटात ३९ आणि दुसऱ्यात ८२ होते. मृत्यू ३४ आणि ६४.

निदानानंतर बाई किती वर्षं जगली, हे न पाहता मृत्यूच का मोजायचे? समजा, एका बाईचा कर्करोग तिच्या ४५ व्या वर्षी कळला आणि ती ५० व्या वर्षी गेली. तोच कर्करोग तपासणीत ४२ व्या वर्षी सापडला असता आणि तरीही ती ५० व्याच वर्षी गेली असती, तर कागदावर तिचं जगणं पाचाऐवजी आठ वर्षं दिसलं असतं. तिच्या वाट्याला मात्र एक दिवसही जास्त आला नसता. मृत्यूंच्या मोजणीत ही फसगत होत नाही.

नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने धाराशिवमध्ये मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने तीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही स्वस्त तपासणी टाकाऊ नाही, पण एकदाच करून भागत नाही.

त्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही. तुलनेला तपासणी न झालेला गट ठेवावा का, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. संशोधकांचं म्हणणं होतं की खेड्यात तेव्हा तपासणी जवळपास मिळतच नव्हती, म्हणून कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं. तरीही निकाल हाती आल्यावर ती चाचणी गावोगाव न पोचवणं ही त्याहून मोठी चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते आणि बाईने स्वतः घेतलेला नमुनाही चालतो असं म्हणते. परभणीत हे काम करायचं तर वेळ साधावी लागेल. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळ्यात यादी केली तर नेमक्या याच बायका सुटतील. आशाताईंनी पोळ्याच्या आसपास नमुने गोळा केले, तर निकाल येऊन उपचारही टोळी निघायच्या आत होऊ शकतील. आणि प्रत्येकीच्या नावापुढे मुकादमाचा नंबर व कारखान्याचं नाव लिहून ठेवलं, तर पुढच्या वर्षी तिला शोधता येईल.