पॅसेंजरनं या, तलावावर थांबा. गोंदियातले हिवाळी पाहुणे कुठे अन् कसे बघायचे

गोंदिया : धानाची कापणी आटोपली, बांध्यांमध्ये लाखोळी उगवून आली की जिल्ह्यातल्या तलावांवर दूरदेशीचे पक्षी उतरायला लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी धरा. दिवस उगवल्यावर धुई विरते, तो तासभर सगळ्यात चांगला.

हे पक्षी इथेच का येतात, ते आधी समजून घेऊ. पश्चिमेला वैनगंगा, उत्तरेला बाघ नदी आणि मधात शेकडो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी धानासाठी हे तलाव बांधले. पावसाळ्यात भरलेलं पाणी हिवाळ्यात हळूहळू ओसरते. काठाला गुडघाभर पाणी, त्यात गवत, कंद, किडे राहतात. बदकाला हेच पाहिजे. खोल धरणाच्या मधोमध त्याला खायला फारसं काही मिळत नाही. शिवाय आजूबाजूच्या बांध्यांत सांडलेला धान असतोच.

आता गाडीचं. गोंदिया जंक्शनवरून बल्लारशाकडे जाणारी लाइन या कामासाठी सगळ्यात सोयीची. ही पूर्वी छोटी लाइन होती. हिरडामाली, सौंदड करत गाडी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जाते. देवळगावला उतरलं की नवेगावबांध जवळच आहे. याच लाइनवर पुढे वडसा सोडलं की ब्रह्मपुरीच्या आधी वैनगंगेचा पूल लागतो. लाइन एकेरी असल्यानं क्रॉसिंगला गाडी थांबते, त्यामुळे घाईच्या माणसानं हा बेत करू नये. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारनं या २४० किलोमीटरच्या मार्गावर दुसऱ्या लाइनला मंजुरी दिली आहे. प्रवाशाला ते बरंच होईल. पण जंगलातून रूळ ओलांडणाऱ्या जनावरांचं काय, हा प्रश्न तेव्हाच सोडवावा लागेल, नंतर नाही.

बालाघाटकडे जाणारी गाडी बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशात शिरते. नागपूरकडून येणाऱ्यांना माडगीजवळ वैनगंगेचं मोठं पात्र दिसते. रायपूरच्या बाजूला दरेकसाचे डोंगर आहेत, हाजराफॉल तिथेच. मात्र तिकडे पक्ष्यांपेक्षा डोंगर बघायला जावं.

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि हा तलाव त्यांनी मराठी वाचकाच्या घरात पोहोचवला. तलवार बदक, गडवाल, लालसरी ही बदकं अशा तलावांवर दिसतात. तलवार बदक ओळखायला सोपं, त्याची शेपटी टोकदार असते. चक्रवाक, म्हणजे भगवं ब्राह्मणी बदक, नदीच्या रेतीवर जोडीनं बसलेलं आढळते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. गंमत बघा, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. माणूस आणि पक्षी, दोघांचं मूळ गाव एकच!

सारस मात्र पाहुणा नाही, तो घरचाच. महाराष्ट्रात आता तो गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरला आहे, तोही मोजकाच. नदीपल्याड बालाघाटच्या बाजूलाही त्याचा वावर आहे. गोंदिया तालुक्यात परसवाडा, झिलमिलीकडे तो दिसू शकतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा बोडीत घरटं करतो. साधारण दोनच अंडी. हिवाळ्यात पिल्लू आईबापासोबत फिरते. विजेच्या तारा, शेतातली विषारी औषधं आणि अंड्यांची चोरी यांनी त्याचा घात केला. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं याची स्वतःहून दखल घेतली होती. गणना, जनजागृती यात सेवा संस्था आणि गावोगावचे शेतकरी बरीच वर्षे राबत आहेत. घरट्यासाठी शेतकरी बांधीचा तुकडा सोडून देतो, त्यात त्याचा धान जातो. शहरात सारसाचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

तलावांचीही हालत सगळीकडे बरी नाही. बेशरम वाढली, गाळ साचला, देशी गवत संपलं. गवत गेलं की आधी मासोळी कमी होते, मग बदकं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मासेमार संस्था आणि बायांनी चिखलात उतरून बेशरम उपटली आणि गाद, देवधान अशा देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलावात खाणं झालं की पक्ष्यांना बोलवावं लागत नाही, ते येतातच. पर्यटनाच्या नावावर काठाला सिमेंट ओतण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे आणि त्यातून गावाला मासोळीही मिळते.

येताना दुर्बीण आणा, भडक कपडे नको. पाळीवर एका जागी बसून राहा. फोटोसाठी ड्रोन उडवला किंवा डोंगा जवळ नेला की सगळा थवा उठतो, अन् उठलेला थवा त्या दिवशी परत बसेलच असं नाही. लाखोळी तुडवत बांधीतून जाऊ नका, धुऱ्यावरून चाला. कुठे काय बसलं आहे ते सकाळी जाळं काढणाऱ्या ढिवर भावाला विचारा, त्याच्यासारखी माहिती कोणाजवळ नाही. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टेशनवर विचारून ठेवा, कारण या लाइनवर गाड्या कमी आहेत. जखमी पक्षी दिसला तर स्वतः पकडू नका, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.