काउंटरवर रांग, आणि सीपीयू फक्त सहा टक्के

ईआरपीनेक्स्ट डॉकरवर कसं चढवायचं, हा व्हिडिओ बघून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दुकानात सिस्टिम सुरू केली. त्यात एक गोष्ट राहून गेली होती. सुरू झाल्यावर ती मशीनचं किती खाते, ते बघायचं कसं? राहून गेली, कारण मी स्वतःच बघत नव्हतो.

दिवाळीआधीचा आठवडा, सिमेंट कारखान्यांचे पगार झालेले. गडचांदूरला दुकान असलेल्याला हे दिवस काय असतात ते सांगायला नको. संध्याकाळी सात वाजता रंगाचे डबे, वायरचे बंडल, होल्डर घेऊन आठ-दहा जण उभे, आणि बिलाची स्क्रीन नुसती गोल गोल फिरतेय. "काहून जी, आज बिल देत नाही का?" शेवटी ड्रॉवरमधून जुनं बिलबुक काढलं.

मशीन साधीच आहे: ८ जीबी रॅम, चार कोअर, जुनी हार्ड डिस्क, उबंटू. टर्मिनल उघडून डॉकर स्टॅट्स ही कमांड दिली. (टाइप इंग्रजीतच करायची, स्पेलिंग व्हिडिओत पडद्यावर आहे.) चालू असलेल्या प्रत्येक कंटेनरची एक ओळ येते आणि आकडे सारखे बदलत राहतात. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या डॉकर संचात एकच कंटेनर नसतो: डेटाबेस, फ्रंटएंड, बॅकएंड, दोन रेडिस, शेड्युलर आणि मागची कामं उरकणाऱ्या रांगा. कॉन्फिगरेटर आणि क्रिएट-साइट हे दोघं आपलं काम करून थांबतात, म्हणून यादीत दिसत नाहीत. ते नाही दिसले तर घाबरू नका.

मी काय केलं? पहिला रकाना बघितला, सीपीयू. सगळे मिळून सहा टक्के. आणि हे शंभरपैकी सहा नव्हेत बरं का. चार कोअर असले तर आकडा ४०० पर्यंत जातो. म्हटलं मशीन तर झोपलीय, मग नेटच गेलं असेल. राउटर बंद-चालू केला. सर्व्हर काउंटरखाली असताना! वीस मिनिटं गेली.

बघायला हवा होता शेजारचा रकाना, मेमरी आणि तिची मर्यादा. प्रत्येक ओळीत मर्यादेच्या जागी तोच आकडा होता, ७.६ जीआयबी. म्हणजे मशीनची जवळजवळ सगळी रॅम. याचा अर्थ कुणालाच मर्यादा घातलेली नाही. आणि सगळ्यांचा वापर जोडला तर अडीच जीबीच्या आसपास. मग बाकीची गेली कुठे?

डॉकर स्टॅट्स फक्त कंटेनर मोजतं. घरच्यांचा हिशेब धरला, ओसरीवर बसलेल्या पाहुण्याचा नाही. फ्री कमांड दिली तर स्वॅप भरलेला. टॉप उघडलं तर पाहुणा सापडला: या चॅनेलचाच व्हिडिओ, दुपारी मीच रेंडरला लावून विसरलेलो. रॅम संपली म्हणून कर्नलने डेटाबेसची पानं हार्ड डिस्कवर ढकलली होती. प्रत्येक बिलाला ती परत आणायची, आणि डिस्कची वाट बघत थांबलेली प्रोसेस सीपीयू वापरत नाही. म्हणून सहा टक्के.

हे आकडे डॉकर स्वतः बनवत नाही, लिनक्स कर्नलमधल्या सीग्रुप्समधून वाचतं. गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं ते काम २००८ मध्ये कर्नलमध्ये आलं. मेमरीचा भाग लिहिणाऱ्यांत आयबीएमचे बलबीर सिंग होते. मर्यादासुद्धा तिथेच लागू होते.

त्या मर्यादेचा दुसरा धडा दुसऱ्या दिवशी मिळाला. घाबरून मी डेटाबेसला १२८ एमबीची मर्यादा घातली. दुपारी डेटाबेसच बंद! डॉकर पीएस -ए मध्ये एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा जबरदस्तीने मारण्याचा सिग्नल. तो मेमरीमुळेच आला का, हे डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएम-किल्ड समोर ट्रू आहे का यावरून कळतं. माझ्याकडे ट्रू होतं.

आता उधारीच्या वहीशेजारी आणखी एक वही आहे. दुकान उघडताना, संध्याकाळी सातला आणि स्टॉकचा मोठा रिपोर्ट चालू असताना नो-स्ट्रीम लावून आकडे घेतो. तसं केलं की एकदाच तक्ता येतो आणि कमांड थांबते. नेट आणि ब्लॉकचे रकाने कंटेनर सुरू झाल्यापासूनची बेरीज दाखवतात, म्हणून तिथे दोन नोंदींमधला फरक बघा. आठवडाभराचा सगळ्यात मोठा मेमरीचा आकडा घेतला, त्यावर निम्मा आणखी धरला, आणि मर्यादा कंपोज फाइलमध्ये लिहिली. आधी मागच्या रांगांना, डेटाबेसला सगळ्यात शेवटी आणि सैल हाताने.

व्हिडिओ एडिटिंग आता घरच्या लॅपटॉपवर, रात्री शटर पडल्यावर. हा व्हिडिओ दोन दिवस उशिरा आला तो त्यामुळेच.