तबकडी कोरण्याचें जुनें यंत्र घ्यावें काय ?

आमच्या शाळेंतून बारा-तेरा वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याचें पत्र मागील उन्हाळ्यांत आम्हांस आलें. माणदेशांतील पुष्कळ कुटुंबांप्रमाणें त्याचें कुटुंबही गलाईच्या धंद्यानिमित्त परप्रांतीं राहतें. सोनें-चांदी गाळण्याच्या कामांतून सवड काढून जुनीं यंत्रें पाहत हिंडणें हा त्याचा छंद. तेथील जुन्या बाजारांत त्यास ग्रामोफोनची तबकडी कोरण्याचें एक अमेरिकन यंत्र दिसलें. विकणारा मागतो ती किंमत एका नव्या मोटारसायकलीएवढी आहे. म्हसवडास त्याची आजी असते. वय ऐंशीच्या पुढें. जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या येतात कीं, पहांटे गाऊं लागली तर उजाडेपर्यंत म्हटलेली ओवी पुन्हां येत नाहीं. आजोबांचा आवाज एका मोबाईलमध्यें होता. तो मोबाईल विहिरींत पडला आणि आवाजही गेला. तेव्हां आजीचा आवाज तरी तबकडीवर कोरून ठेवावा, म्हणजे तो पतवंडांनाही ऐकतां येईल, असा त्याचा बेत. “सर, घेऊं काय ?” एवढेंच त्यानें शेवटीं विचारिलें होतें.

“नको” असें एका शब्दांत लिहितां आलें असतें. पण यंत्राची आवड असलेल्या मुलास नुसता नकार देणें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून त्यास जें सविस्तर लिहिलें, तेंच थोडें फेरफार करून येथें देत आहों.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें पाहूं. कारखान्यांत लोखंड कांतण्याच्या यंत्रास लेथ म्हणतात. हें त्याच जातीचें, फक्त फार नाजूक. एक जड चकती सारख्या वेगानें फिरते. तिच्यावर कोरी तबकडी ठेवितात. वरून एक लांब आटेदार दांडा कोरणीस बाहेरून आंत हळूहळू सरकवितो. कोरणी ज्या डोक्यांत बसविलेली असते त्यांत विजेच्या रूपानें आवाज येतो आणि कोरणी उजवी-डावी थरथरते. त्या थरथरीची नागमोडी रेघ तबकडीवर उमटते. मिनिटास 78 फेऱ्यांची तबकडी असेल तर तीन मिनिटांत 234 फेऱ्या होतात. एका इंचांत सुमारें 100 रेघा बसतात असें धरिल्यास त्यांना सव्वादोन इंचांहून थोडी अधिक रुंदी लागते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस याहून फारशी जागा नसते. मिरजेस ज्यांचें वास्तव्य होतें ते खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (मृत्यु 1937) बैठकींत एकेक राग किती वेळ आळवीत असतील ! परंतु तबकड्यांवर आपणांस त्यांचा राग तीन-साडेतीन मिनिटांतच भेटतो. आजीच्या एका पहाटेस किती तबकड्या लागतील याचा हिशेब वाचकांनीं करावा.

आतां आमच्या विद्यार्थ्याची मुख्य चूक. त्याच्या घरीं पणजोबांच्या वेळच्या काळ्या तबकड्या आहेत व त्या अजून वाजतात. यावरून, यंत्र घेतलें कीं आपणही तशीच टिकाऊ तबकडी करूं, असें त्यानें धरून चालविलें. पण ती काळी तबकडी कोणत्याही यंत्रानें कोरलेली नसून छापलेली आहे ! गायकासमोर कोरीत ती मऊ मेणाची वडी. तिच्यावर शिसपेन्सिलींतील काळ्या भुकटीसारख्या पदार्थाचा हात देऊन, विजेच्या साहाय्यानें तांब्याचा थर चढवीत. तो सोडविला म्हणजे रेघांचा उलटा ठसा मिळे. त्यावरून पुढें तयार केलेल्या ठशांनीं लाख व दगडाची भुकटी यांच्या मिश्रणावर शेंकडों तबकड्या दाबून काढीत. टिकाऊपणा आला तो या ठशांमुळें, लाखेमुळें आणि प्रती अनेक झाल्यामुळें. फ्रेडरिक गैसबर्ग यांनीं 1902 सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें घेतलें तेव्हां या देशांत तबकडी छापण्याची सोय नव्हती. कोरलेला माल जर्मनींत पाठवावा लागे. कलकत्त्यास कारखाना निघाला तो 1908 सालीं. आपल्या मुंबईंत वडाळ्यास नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें 1935 च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या नांवानें तबकड्या काढण्यास आरंभ केला, तोही कोरणी आणि छपाई या दोन्ही विद्या हातीं घेऊनच. नुसत्या कोरणीवर हा धंदा कोणीं उभारलेला नाहीं.

बाजारांत दिसलेलें यंत्र त्यानंतरच्या पद्धतीचें आहे. 1930 नंतर, कोरतांच लगेच वाजवितां येईल अशी तबकडी निघाली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटच्या रोगणाचा थर, असें तिचें अंग. महायुद्धांत ॲल्युमिनियम मिळेना, तेव्हां अमेरिकेंत कांचेवरही तें रोगण देत. तशी तबकडी हातून पडली कीं संपलीच. रोगण लवचीक राहावें म्हणून त्यांत एरंडेल घालीत. वर्षें लोटलीं म्हणजे तें एरंडेल विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी साय येते, थर आकसतो आणि शेवटीं पोपडे निघतात. शिवाय रोगण मऊ. जुन्या ग्रामोफोनची जड सुई थोड्याच वेळां फिरली तरी रेघ घासून जाते. म्हणजे ज्या पतवंडांसाठीं हा खटाटोप, त्यांनीं ती वाजवूं नये हेंच बरें ! आणि कोऱ्या तबकड्या तरी कोठून आणावयाच्या ? कॅलिफोर्नियांतील त्यांचा मोठा कारखाना 2020 च्या फेब्रुवारींत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. त्यानंतर जगाची भिस्त मुख्यतः जपानांतील एका कारखान्यावर येऊन पडली. हल्लीं कांहीं लोक प्लॅस्टिकच्या चकत्यांवर हिऱ्याच्या कोरणीनें कोरतात व त्या अधिक टिकतात. पण त्यास निराळी कोरणी व निराळा हात लागतो.

या यंत्राचा दुसरा दोष आम्हांस पत्रासोबतच्या छायाचित्रांत आढळला. मोटारीवरील पट्टीवर 115 व्होल्ट व 60 आवर्तनें असें कोरलेलें आहे. विद्यार्थ्यानें लिहिलें होतें कीं, ट्रान्सफॉर्मर लाविला म्हणजे झालें. व्होल्टचें काम होईल, हें खरें. परंतु ट्रान्सफॉर्मर आवर्तनें बदलीत नाहीं, आणि आपल्या देशांतील वीज सेकंदास 50 आवर्तनांची आहे. या जातीची मोटार आवर्तनांच्या तालावर चालते. म्हणून 78 फेऱ्यांऐवजीं चकती 65 फेऱ्याच घेईल. त्या गतीनें कोरलेली तबकडी 78 च्या ग्रामोफोनवर वाजविली तर आवाज सव्वापटीच्या किंचित् आंत, म्हणजे 6/5 पट चढेल. संगीत शिकणाऱ्या मुलांना हें प्रमाण ठाऊक आहे : आजीनें षड्ज लाविला तर ऐकणारास कोमल गंधार ऐकूं येईल, तीन मिनिटांची ओवी अडीच मिनिटांत संपेल, आणि ऐंशी वर्षांची आजी एखाद्या पोरसवदा मुलीसारखी गाऊं लागेल. उपाय आहे, मोटारीच्या दांड्यावरील पुली त्याच प्रमाणांत मोठी करून घ्यावी. पण ती चुलीवरच्या भाकरीसारखी अंदाजानें थापतां येत नाहीं. केसाएवढी जरी वांकडी झाली तरी सूर डुलूं लागतो.

बाकीचें थोडक्यांत सांगतों. रबराचीं चाकें कडक झालीं असतील. कोरणीच्या डोक्यांतील रबरही तसेंच, आणि डोकें स्फटिकाचें असेल तर उष्णतेनें व ओलीनें तें निर्जीव झालें असण्याचा संभव फार. आटेदार दांड्यावर नख फिरवून पाहावें. आटे झिजले असतील तर रेघ रेघेवर चढेल. आणि कोरतांना जो केसासारखा भुगा निघतो तो भयंकर ज्वालाग्राही असतो. माणदेशांतील वैशाखांत, लाकडी माळवदाच्या घरीं, असा भुगा कोपऱ्यांत सांठूं देणें आम्हांस तरी पसंत नाहीं.

परंतु आमची खरी हरकत यंत्राबद्दल नव्हतीच. यंत्र दुरुस्त करून हात बसावयास वर्ष-दोन वर्षें सहज जातील. त्या मुलास तीं आहेत; आजीस असतील काय ?

आवाज टिकतो कसा, याचें उदाहरण मुद्दाम दिलें. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या वेळीं या देशांतील अनेक भाषा-बोलींचे नमुने तबकड्यांवर घेतले गेले, आणि त्यांतील पुष्कळांत बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट लोकांनीं आपापल्या बोलींत सांगितली आहे. शंभर वर्षांनीं आज त्या घरबसल्या ऐकतां येतात, कारण प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत ठेविल्या होत्या. तसेंच हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं खेडोपाडींच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बायांचीं नांवें व गांवें आहेत, आणि म्हणूनच त्या ओव्यांना मोल आहे. आजोबांचा आवाज मोबाईलमध्यें होता म्हणून गेला नाहीं; तो एकाच मोबाईलमध्यें होता म्हणून गेला.

तेव्हां आम्हीं लिहिलें कीं, पैसा जपून ठेव, पण सुट्टी आजच काढ. तूं वा तुझी बहीण आजीजवळ बसून हातांतल्याच मोबाईलवर ओव्या घ्या. पंखा बंद असावा, मोबाईल तोंडापासून हातभर अंतरावर असावा, आणि जातें खरोखर फिरतें असावें, कारण जात्यावांचून आजीस लय सांपडत नाहीं असें तूंच लिहितोस. ओवीपूर्वीं तिचें नांव, माहेर आणि तारीख बोलून घ्यावी. त्याच दिवशीं तीन प्रती तीन घरीं ठेवाव्या. येथें म्हसवडांत 2008 सालीं सुरू झालेलें ‘माणदेशी तरंग’ हें लोकांचें आकाशवाणी केंद्र आहे. आजीची संमति असेल तर तेथेंही विचारून पाहावें.

मार्गशीर्षांत सिद्धनाथाच्या रथासाठीं तो गांवीं आला होता. चार पहांटे बसून 212 ओव्या घेतल्या, असें त्यानें सांगितलें. एकदां कोंबडा मध्येंच आरवला, तोही राहूं दिला आहे. यंत्र अजून त्या दुकानींच पडून आहे आणि विकणारानें किंमत थोडी उतरविली आहे. नव्या पुलीचा व्यास किती असावा, हें आतां त्यानें विचारिलें आहे. जुनीचा व्यास नीट मोजून कळीव, असें आम्हीं त्यास उलट लिहिलें आहे.