इटलीला जाण्याआधी एक जाडजूड कादंबरी

पहिल्या परदेशवारीची आपल्याकडची तयारी ठरलेली असते. व्हिसा, परकीय चलन, स्वेटर, चकल्या आणि मेतकुटाची पुडी. वाचन म्हणाल, तर फार तर टूर कंपनीचं माहितीपत्रक. युरोपच्या सहलीत इटली असेल, तर या यादीत आणखी एक वस्तू हवी : अर्व्हिंग स्टोन यांची १९६१ साली प्रसिद्ध झालेली ‘द ॲगनी अँड द एक्स्टसी’. मायकेलँजेलोच्या (१४७५–१५६४) आयुष्यावरची ही इंग्रजी कादंबरी चांगली जाडजूड आहे, पण जड नाही.

फ्लॉरेन्समधला डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे, हे गाइडही सांगतो. कादंबरी त्या दगडाची गोष्ट सांगते. आधीच्या शिल्पकारांनी थोडाफार कोरून सोडून दिलेला तो ठोकळा कित्येक दशकं कॅथीड्रलच्या आवारात पडून होता. उंच, पण जाडीला कमी. १५०१ मध्ये पंचविशीतल्या मायकेलँजेलोने तो हाती घेतला आणि १५०४ पर्यंत त्यातून डेव्हिड उभा केला. हे ठाऊक असलं, की पुतळा नुसता समोरून न बघता आपण बाजूलाही जातो. तिथून तो किती सडपातळ आहे आणि त्या दगडात हात राखून काम करणं म्हणजे काय, हे दिसतं.

फ्लॉरेन्सच्या चौकात डेव्हिडच्या पुतळ्यासमोर फोटो काढून अनेक जण समाधानाने बसमध्ये चढतात. ती प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ मध्येच अकादेमिया संग्रहालयात हलवला गेला. तिथेही डेव्हिडकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना अर्धवट कोरलेले ‘कैदी’ उभे आहेत. अंगावर छिन्नीच्या खुणा तशाच. पोप दुसरा ज्युलियस याच्या थडग्यासाठी ते सुरू झाले होते. १५०५ मध्ये ठरलेलं हे थडगं पुरं व्हायला १५४५ उजाडलं, तेही मूळ आराखड्याला बरीच कात्री लावून. कादंबरीत ही फरफट वाचलेला माणूस त्या दालनातून झपाझप पुढे जात नाही.

अर्थात कादंबरीला इतिहास समजू नये. लोरेन्झो मेदिचीची मुलगी कोंतेसिना ही खरी व्यक्ती; तिच्याभोवती रंगवलेलं प्रेम मात्र लेखकाचं. या कादंबरीवर १९६५ मध्ये निघालेल्या चित्रपटात मायकेलँजेलो सिस्टिन चॅपेलचं छत उताणा पडून रंगवताना दिसतो. प्रत्यक्षात ते काम त्याने मचाणावर उभं राहून, मान मागे टाकून केलं. तसं रेखाचित्र त्याने स्वतःच काढून ठेवलं आहे. ‘श्रीमान योगी’ वाचून रायगड चढणाऱ्या मराठी वाचकाला ही सावधगिरी नवी नाही. कादंबरीने ओढ लावायची, खातरजमा इतिहासाच्या पुस्तकांतून करायची.

इतर देशांसाठीही अशी पुस्तकं आहेत. इस्तंबूलला जाणाऱ्यांनी ओरहान पामुक यांची ‘माय नेम इज रेड’ वाचावी : १५९१ सालचं शहर आणि सुलतानाच्या पदरचे चित्रकार. इंग्लंडसाठी हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ आहे. ती वाचल्यावर हॅम्प्टन कोर्ट हा नुसता भव्य राजवाडा उरत नाही.

वाचताना वहीत दोनच रकाने करावेत : माणसं आणि जागा. प्रत्येक जागेपुढे ती आज कुठे आहे, कोणत्या वारी बंद असते, तिकीट आधी काढावं लागतं का, हे लिहावं. विमानात वाचू म्हणून ठेवलेलं पुस्तक बहुधा वाचून होत नाही. तिकीट हाती पडताच सुरुवात करा. आणि रोममध्ये एखादी दुपार मोकळी मिळाली, तर ती खरेदीत घालवू नका. कोलोसियमपासून पायी जाण्याच्या अंतरावर सान पिएत्रो इन विन्कोली हे चर्च आहे. ज्युलियसचं ते थडगं आणि मायकेलँजेलोचा मोझेस तिथेच आहेत. प्रवेशाला तिकीट लागत नाही.