लेखांक ११ : प्रकाश खरंच जास्त पळतो का?

गेल्या आठवड्यात कबूल केलेली सिलिकॉनची कडी आणि तिचा हीटर आज भेटणार नाहीत. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड मध्ये आलं. 'प्रकाशाचा वेग सर्वांत जास्त, म्हणून प्रकाशावर चालणारी चिप वेगवान. एवढ्यासाठी दहा लेख?'

सर, एवढंच असतं तर पहिल्याच आठवड्यात आटोपलं असतं. पण चिपमधला प्रकाश तांब्याच्या केबलमधल्या सिग्नलपेक्षा हळू जातो!

पोकळीत प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, फायबरच्या काचेत २ लाख. सिलिकॉनच्या अर्धा मायक्रोमीटर रुंद वाटेत त्यावर चढवलेला सिग्नल जेमतेम ७५ हजारांवर येतो. आणि चांगल्या तांब्याच्या केबलमधला? तोही २ लाखांच्या आसपासच. तारेतले इलेक्ट्रॉन स्वतः गोगलगायीलाही लाजवतील इतके सावकाश सरकतात. पळतो तो त्यांचा धक्का. भरलेल्या नळीची तोटी सोडली की दुसऱ्या टोकाला लगेच धार पडते, तसा.

ज्यांना खरोखरच मिलिसेकंदांची घाई होती, त्या शेअरबाजारवाल्यांनी तर काचच सोडली. २०१० मध्ये शिकागो ते न्यू जर्सी खास सरळ रेषेत फायबर टाकली गेली. जाऊन येऊन १३ मिलिसेकंद. थोड्याच वर्षांत मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांनी तिला मागे टाकलं, कारण हवेत प्रकाश जवळपास पूर्ण वेगानं जातो.

मग तांब्याचं दुखणं काय? कंपनं वाढली की विजेचा प्रवाह तारेच्या पोटातून न जाता कातडीतून जाऊ लागतो. एक गिगाहर्ट्झला ही कातडी २ मायक्रोमीटर, पन्नास गिगाहर्ट्झला ०.३. तार कितीही जाड घ्या, आतलं तांबं नुसतं वजनाला. शिवाय आवरणही थोडी ऊर्जा खातं.

प्रयोगशाळेत हे 'आय डायग्राम'वर दिसतं. हजारो बिट एकमेकांवर रचून पडद्यावर काढले की मध्ये डोळ्यासारखी पोकळी उरते. ती उघडी असेल तर ० आणि १ वेगळे ओळखू येतात. एकदा मी दोन दिवस सर्किटमधला दोष शोधत बसलो होतो, डोळा काही केल्या उघडेना. अखेर कळलं की आखूड केबल कुणीतरी उसनी नेली होती आणि तिच्या जागी लांब लावून ठेवली होती. सर्किट बिचारं निर्दोष! साध्या तांब्याच्या केबलवर १० गिगाबिट सात मीटर जायचे. तारांच्या एका जोडीवर १०० गिगाबिट म्हटलं की दोन मीटर, फार तर.

फायबरमध्ये पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. आणि माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. आपण वापरतो त्या अवरक्त प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी. त्यावर पन्नास गिगाहर्ट्झचा सिग्नल चढवला तर तो या कंपनांचा जेमतेम चार हजारावा हिस्सा. काचेला तो जाणवतसुद्धा नाही. ऊर्जा खाण्याच्या बाबतीत मंद सिग्नल आणि चपळ सिग्नल तिला सारखेच. वर एकाच धाग्यातून डझनावारी 'रंग' एकमेकांना धक्का न लावता जातात. एसटीचा वेग तोच, सर, पण एका रस्त्यावर शेकडो गाड्या शेजारी शेजारी, आणि वाटेत कुणी दमत नाही.

आता तर डेटा सेंटरमधल्या स्विचच्या चिपपासून पेटीच्या दर्शनी पट्टीपर्यंतचं वीतभर तांबंही डोळा मिटवू लागलंय. म्हणून प्रकाशाची यंत्रणा थेट चिपच्या मांडीला मांडी लावून बसवतात. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियानं असे स्विच जाहीर केले, आणि त्यांत प्रकाशावर सिग्नल चढवायला वापरल्या आहेत त्याच आपल्या सिलिकॉनच्या कड्या. शेजारी भट्टीसारखी तापणारी चिप, आणि कडी अशी की अंशभर तापमान बदललं तरी सूर सोडणारी. तिला आणखी हीटर कशाला, ते पुढच्या आठवड्यात. मध्ये दुसरं पोस्टकार्ड आलं नाही तर.