४१ टक्के म्हणजे नेमके काय?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मांजरीतील आमच्या परिचयाच्या व्यापारी कुटुंबातील जुळ्या भावांपैकी थोरल्याच्या मेंदूतील रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला. शस्त्रक्रियेने तो वाचला. महिनाभराने धाकटा माझ्याकडे आला. मोबाईलवर त्याने ‘हा आजार ४१ टक्के आनुवंशिक’ असे वाचले होते. “काका, म्हणजे शंभरात एक्केचाळीस वेळा माझाही फुटणार?” त्याने दुकानाच्या वाटणीचा विषयही घरात काढला होता.

आकडा खरा, पण अर्थ चुकीचा होता. डेन्मार्क, फिनलंड व स्वीडनमधील ७९,६४४ जुळ्या जोड्यांच्या नोंदींवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील तो आकडा आहे. मेंदूच्या आवरणांमधील रक्तस्राव, जो बहुधा असा फुगा फुटूनच होतो, त्यांपैकी ४९८ जोड्यांत आढळला. दोन्ही भावंडांना तो झाला, अशा जोड्या केवळ ६! माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातील वारशाचा वाटा ४१ टक्के. एखाद्याची जोखीम नव्हे. व्याजदर आणि बुडीत कर्जाचे प्रमाण, दोन्ही टक्क्यांतच लिहितात. आम्ही बँकवाले तरी त्यांची गल्लत करीत नाही.

तरीही धाकट्याने निर्धास्त राहावे, असे नाही. सख्ख्या नात्यात हा आजार असल्यास धोका इतरांहून अधिक असतो. जवळच्या दोघा नातलगांना झाला असेल, तर डॉक्टर एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी सुचवितात. येथे आजारी एकच, पण जुळा भाऊ. म्हणून न्यूरोसर्जनना विचारूनच ठरवावे, असे मी सांगितले. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार घरात असल्यासही विचारावे. फुगा आढळला म्हणजे तो फुटतोच असे नाही. लहान फुगे बहुधा तसेच राहतात.

उरलेला मोठा वाटा राहणीमानाचा व परिस्थितीचा. त्यात रक्तदाब आणि सिगारेट ही दोन मोठी कारणे. थोरल्याचा रक्तदाब कित्येक वर्षे मोजलेलाच नव्हता. गल्ल्यावर बसल्या बसल्या क्षणात असह्य डोके दुखू लागले, तेव्हाही पित्त समजून त्याने दोन तास बाम चोळून घेतला. अशी अचानक उठलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी आणि त्यासोबत उलटी, मान ताठ होणे किंवा शुद्ध हरपणे, असे काही झाल्यास १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे.